बेगमीचा रकाना

त्या सोमवारी सकाळी फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी तो टेबलावर पालथा घातला. पडद्यावर विलासचे नाव होते. आमच्या विभागात त्या वेळी वीज साठवणुकीच्या धोरणावर बैठक चालू होती. एक तरुण सल्लागार भिंतीवर आलेख दाखवत होता : भर दुपारी सौरवीज कशी उतू जाते, ऊन कलले की मागणी कशी चढते, आणि नेमकी तेव्हाच वीज कशी हाती नसते. मनात आले, विलास गेली कित्येक वर्षे हेच सांगतो आहे; त्याच्यापाशी भिंतीवर चित्र पाडायचे यंत्र नाही, एवढाच काय तो फरक. असे वाटूनही मी फोन घेतला नाही. दर सोमवारी अकराच्या सुमारास तो फोन करी आणि एकच प्रश्न विचारी, "काय रं सुध्या, फाईल हलली का?" उत्तर नसले की फोन पालथा घालायचा, हे मला एव्हाना सरावाने जमू लागले होते. जेवणाच्या सुट्टीत मी उलट फोन केला, तो कुंदावहिनींनी उचलला. "भावजी, हे गेले..." त्या म्हणाल्या. पहाटे छातीत दुखू लागले आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही तो पोहोचला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "सकाळपास्नं लावतेय तुमाला." त्या स्वरात दोष नव्हता. असता तर बरे झाले असते...

विलास गायकवाड भिसेगावचा, मी पळसदरीचा. कर्जतच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याचे वडील खोपोलीच्या वीजगृहात फिटर होते. सातवीच्या सुट्टीत ते आम्हा दोघांना घाटाखाली घेऊन गेले आणि डोंगरावरून उतरणारे जाड लोखंडी नळ दाखवत म्हणाले, "वर पानी हाय तवर खाली उजेड. वीज काय कुनाला मुठीत धरता येत नाय, पोरांनो. तिला पान्याच्या रूपात धरून ठेवायची." मी ते ऐकले आणि विसरलो. विलासने ते ऐकले आणि त्याचे पुढचे सारे आयुष्य त्या एका वाक्याच्या मागे गेले. तो आयटीआयमध्ये वायरमनचे वर्ग घेऊ लागला; मी परीक्षा देऊन मुंबईत शासकीय नोकरीत लागलो. भेटी कर्जतच्या एस. टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर होत. तो मला "सरकार" म्हणे. "बसा सरकार, आज काय काय मंजूर केलंत?" मी हसत असे.

त्याच्या मागे त्याला गोड करून सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. विलास वैताग आणणारा माणूस होता. साधे पत्रसुद्धा तो पोचपावतीसह टपालाने पाठवी आणि पोचपावत्या तारेत ओवून खिडकीला टांगी. कुणाच्या घरी जेवायला गेला तर आधी मीटरची पेटी उघडून पाही आणि "अर्थिंग कुठाय?" असे यजमानाला विचारून मग पाटावर बसे. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवातल्या वायरिंगवरून त्याने मांडववाल्याशी इतका वाद घातला, की व्याह्यांना तो मुलीच्या आईकडचा कुणी रागीट मामा वाटला. पण त्याचे म्हणणे दर वेळी खरे निघे, आणि त्यामुळेच तो अधिक असह्य होई.

आमच्याच तालुक्यात पोशीरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत आरोग्य उपकेंद्र आहे. तिथे लसी ठेवायचा फ्रीज आहे, बाळंतपणाची एक खोली आहे, आणि एक परिचारिका आहे. सगळा परिसर त्यांना सिस्टर म्हणतो. पावसाळ्यात त्या बाजूला झाड पडून तारा तुटतात आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस लाइन येत नाही. आमच्या विभागाच्या योजनेतून त्या उपकेंद्राच्या छपरावर सौर पॅनेल बसले, तेव्हा वाडीने नारळ फोडला. आणि पुढच्याच पावसाळी उघडिपीत लाइन गेली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले, की लाइनबरोबर पॅनेलही बंद पडतात. यंत्रणाच तशी असते. लाइनशी जोडलेले पॅनेल लाइन गेल्यावर सुरक्षिततेसाठी स्वतःहून थांबतात, आणि बॅटरी नसेल तर आकाशात सूर्य असूनही त्याचा उपयोग नाही. सिस्टरांनी विलासला बोलावले. तो छपरावर चढला, उतरला, आणि तिथूनच त्याने मला फोन लावला. "सुध्या, डोक्यावर ऊन हाय, पत्र्यावर पॅनेल हाय, आन् आत बाई मेणबत्ती शोधतेय. हे डोकं कुनाचं रं?"

त्याने वाट पाहिली नाही. ओळखीतून जुन्या पण चांगल्या आठ बॅटऱ्या मिळवल्या, आयटीआयच्या सुट्टीत लाकडी मांडणी केली, आणि लाइन गेल्यावरही पॅनेल बॅटऱ्या भरतील व बॅटऱ्या फ्रीज चालवतील, अशी जोडणी करून दिली. एक पावसाळा ती उत्तम चालली. नंतर योजनेची तपासणी झाली. तपासणाऱ्यांनी मार्गदर्शक सूचनांचा कागद काढला, त्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवले, बॅटऱ्या पॅनेलपासूनही सोडवल्या आणि केंद्राच्या वायरिंगपासूनही, आणि जोडणीच्या पेटीला कागदी सील लावले. ते वाक्य असे होते : "सदर यंत्रणेस कोणत्याही प्रकारची साठवण यंत्रणा जोडता येणार नाही."

ते वाक्य मी लिहिले होते.

हे कागदावर उतरवायला मला इतकी वर्षे लागली. योजनेचा मसुदा माझ्या टेबलावर तयार झाला. शहरातल्या मोठ्या इमारतींसाठीचे एक जुने परिपत्रक समोर होते. तिथे लाइन क्वचित जाते, म्हणून बॅटरी न जोडण्याची अट तिथे शोभत होती. नवीन मसुदा करताना जुन्यातली कलमे उचलायची, ही आमच्याकडची पद्धत आहे. एकदा मंजूर झालेल्या शब्दांवर कुणी हरकत घेत नाही. बॅटरी ठेवली तर देखभाल कुणाची, जुनी झाल्यावर विल्हेवाट कुणी लावायची, असे प्रश्न आले असते आणि मसुदा परत आला असता. मला तो त्या आठवड्यात संपवायचा होता. मी कलम उचलले. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर कोणतेही उपकेंद्र नव्हते, कोणताही डोंगर नव्हता. मी ज्या तालुक्यात जन्मलो तोही नव्हता. सही वरिष्ठांची होती, म्हणून माझे नाव त्या कागदावर कुठेच नाही.

सील लागल्यानंतरच्या शनिवारी टपरीवर विलास आला तो परिपत्रकाची घडी खिशात घेऊनच. चहा निवत होता. त्याने ते वाक्य मोठ्याने वाचले, टपरीवाल्यालाही ऐकवले, आणि म्हणाला, "ह्या वाक्याचा बाप कोन हाय, तो मला एकदा भेटू दे. मी काय त्याला मारनार नाय. नुसता वाडीत नेऊन बसवीन, लाइन गेलेली असताना." टपरीवाला म्हणाला, "मास्तर, असल्याला बाप नसतो. सरकारी कागद हाय तो." विलास हसला. "नाय रं. अक्षर कुनाचं तरी असतंय." मी बशीतला चहा पीत राहिलो. म्हणालो, "बघतो मी, दुरुस्ती करता येते का." मी सांगू शकलो असतो. त्याने चार शिव्या दिल्या असत्या, चहाचे पैसे माझ्याकडून घेतले असते आणि कामाला लागला असता. पण त्याच्या डोळ्यांत मी "सरकार" असलो तरी आपला होतो, आणि ते मला सोडवेना.

मग फाईल सुरू झाली. कलम दुरुस्त करावे, दुर्गम ठिकाणच्या उपकेंद्रांना बॅटरीसाठीही साहाय्य द्यावे, एवढाच प्रस्ताव होता. आमच्या शाखेने लिहिले, विषय आरोग्याचा. तिकडून उत्तर आले, विषय ऊर्जेचा. परत आली तेव्हा कुणी तरी समासात विचारले होते : बॅटरी ही भांडवली वस्तू की उपभोग्य? कारण ती काही वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे उपभोग्य. आणि उपभोग्य वस्तूला या योजनेतून साहाय्य नाही. या एका प्रश्नावर फाईल एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत फिरली. विलासला मी हे सांगितले. तो म्हणाला, "बैलसुद्धा म्हातारा होतोच की रं. म्हनून तो काय चारा झाला?"

त्याने आपला अर्जही स्वतंत्रपणे पाठवणे सोडले नाही, आणि तिथे त्याने ती गोष्ट केली जी आमच्या कार्यालयात थट्टेचा विषय झाली. विहित नमुन्यात पॅनेलची संख्या, छताचे क्षेत्रफळ, मीटरचा क्रमांक यांचे रकाने होते. साठवणुकीचा रकाना नव्हता. विलासने पट्टीने दोन सरळ रेघा मारून स्वतःच एक रकाना पाडला आणि त्याला मथळा दिला : बेगमी. मी फोनवर म्हणालो, "अरे, साठवणूक तरी लिहायचंस." तो म्हणाला, "साठवनूक सरकारची. बेगमी आमची. मे महिन्यात कुंदा बघ काय करते ती. तांदूळ कनगीत, सुकट डब्यात, वाल मडक्यात, लाकडं पडवीत. तिला कुनी विचारतं का, की बाई, आज ऊन हाय तर आजच का खात नाय? आपल्याकडं चार महिने जगायची रीतच ही हाय. तुमी लोक नुसतं पिकवायला पैसं देता, ठेवायला देत नाय. मग दुपारी नासनार आन् सांजेला उपाशी." अर्ज परत आला : "विहित नमुन्यात बदल केल्याने अमान्य." त्याने पुन्हा भरला, पुन्हा रेघा मारल्या. पुन्हा परत आला. मी त्याला अक्षरशः विनवले, की बाबा, रेघा मारू नकोस, वेगळे पत्र जोड. तो ऐकेना. "पत्र हरवतं. रकाना दिसतो," म्हणे. मला त्याचा संताप येई, आणि त्या संतापाखाली एक बारीक समाधानही असे, हे आता कबूल करतो : अर्ज त्याच्या हट्टामुळे अडतो आहे, माझ्या वाक्यामुळे नाही, असे मला घटकाभर मानता येई.

दरम्यान वरच्या पातळीवर साठवणुकीला चांगले दिवस आले होते. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी डोंगरावर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची, अशा मोठ्या प्रकल्पांसाठी धोरण आले, सवलती आल्या. ते योग्यच आहे. ऊन आणि वारा यांच्या भरवशावर राज्य चालवायचे तर साठवण लागणारच, आणि शासनाने हात दिल्याखेरीज ती उभी राहणार नाही. विलासला मी उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, "माझ्या बापानं हे तुला सातवीत फुकट शिकवलं व्हतं. आता सल्लागार शिकवतो व्हय? बरं, शिकलात ना? मग डोंगराएवढी साठवन चालते, आन् वाडीतल्या आठ डब्यांना सील?" मोठी गोष्ट मान्य करणे आम्हाला सोपे जाते, कारण तिच्यासाठी नवा कागद होतो. छोटी गोष्ट जुन्या कागदातल्या एका ओळीत अडकलेली असते, आणि जुना कागद उघडायला कुणी तयार नसतो, कारण त्यात कुणाचे तरी अक्षर असते...

मागच्या पावसाळ्यात लाइन तीन दिवस गेली. सिस्टरांनी लसी बर्फाच्या पेटीत घालून टेंपोने मोठ्या केंद्रात पाठवल्या, पण ओढ्याला पाणी होते, टेंपो अलीकडेच थांबला, आणि पेटीतला बर्फ विरघळला. लसी टाकून द्याव्या लागल्या. त्या आठवड्यात ज्या बाया कडेवर मुले घेऊन डोंगर उतरून आल्या, त्या तशाच परत गेल्या. पंधरा दिवसांनी सिस्टरांना नोटीस आली : लसींचे तापमान राखण्यात हलगर्जीपणा केल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा विलासने लिहून दिला. त्याने मला तो फोनवर वाचून दाखवला नाही, एवढेच म्हणाला, "छपरावर उजेड आन् बाईला नोटीस. आता मला राग पन येत नाय रं सुध्या." त्याचा राग संपला, हे ऐकून मी प्रथमच घाबरलो.

पण रविवार संपले नव्हते. सील लागल्यापासून एकही रविवार न चुकवता तो स्कूटरवरून वाडीत जात असे. बॅटऱ्या जोडता येत नव्हत्या, तरी त्या तशाच सोडल्या तर मरतात. भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी ती हळूहळू उतरते, तिचे पाणी आटते, आतल्या पट्ट्यांवर थर बसतो, आणि मग ती पुन्हा उभी राहत नाही. म्हणून तो शेजारच्या सिस्टरांच्या खोलीतल्या सॉकेटवरून चार्जर लावी, काचेच्या नळीने बॅटरीच्या एकेका कप्प्यातल्या आम्लाची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, पाही, बॅटरीचे पाणी घाली, आणि भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्यावर आकडा लिही. मी एकदा बरोबर गेलो होतो. तासभर ते पाहून न राहवून म्हणालो, "विलास, ज्या जोडायलाच बंदी आहे, त्यांची ही कसली निगा?" तो नळी डोळ्यासमोर धरून म्हणाला, "बंदी उठंल त्या दिवशी लोक म्हनतील, चला जोडा. तवा ह्या मेलेल्या असल्या तर? मग म्हनतील, बघा, बॅटरी टिकतच नाय, अट बरोबर व्हती." सिस्टर दारातून म्हणाल्या, "सर, तुम्ही तरी सांगा मास्तरांना. ह्यांना घरी वहिनी विचारतात, सवत ठेवलीय का डोंगरात?" आम्ही तिघेही हसलो. पुठ्ठ्यावर शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. प्रत्येक रविवारसमोर तिथे त्याच्या शाळामास्तरी अक्षरात एकच शब्द होता : तयार.

त्या दिवशी परततानाही मी सांगितले नाही. तीच आमची शेवटची भेट ठरली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भिसेगावच्या घरी गर्दी होती. बुद्धवंदना झाली, विलासचे विद्यार्थी बोलले. निम्म्या तालुक्याची वायरिंग त्याच्या हाताखालून गेली होती. माणसे पांगल्यावर मी कुंदावहिनींसमोर बसलो आणि सगळे सांगितले : वाक्य, जुने परिपत्रक, टपरी, पालथा फोन. खिडकीला पोचपावत्यांची तार तशीच होती. वहिनी सुपातले वाल निवडत होत्या. हात थांबला नाही. माझे झाल्यावर म्हणाल्या, "मला सांगून काय करू मी त्याचं? ज्याला सांगायचं व्हतं त्याला सांगितलं नाय तुमी." मी मान खाली घातली. "आन् रडू नका आता. इथं रडायला माझी मानसं हायत. ते वाक्य खोडलं का, तेवढं सांगा." मी म्हणालो, अजून नाही. "मग दर सोमवारी मी इचारीन," त्या म्हणाल्या आणि एक किडका वाल वेगळा काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी फाईलवर टिपणी लिहिली. सदर अट जुन्या परिपत्रकावरून, स्थानिक परिस्थितीचा विचार न करता, माझ्याकडून समाविष्ट झाली. ती चूक होती. तिच्यामुळे वाडीतील उपकेंद्राची चालू यंत्रणा बंद पडली व लसी वाया गेल्या. सबब अट रद्द करून नमुन्यात साठवणुकीचा स्वतंत्र रकाना घालावा. वरिष्ठांनी बोलावून घेतले. भला माणूस आहे. म्हणाले, "असं कुणी लिहितं का? निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत तुमची. 'अनवधानाने' लिहा, आणि स्वतःला मधून काढा." मी म्हणालो, "साहेब, ते अनवधान नव्हतं. मला लवकर संपवायचं होतं." त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि टिपणी तशीच पुढे पाठवली. ती सध्या वित्त शाखेत आहे. गेल्या सोमवारी वहिनींनी विचारले तेव्हा मी तेच सांगितले. "म्हंजे हलली का नाय?" त्यांनी विचारले. हलली, मी म्हणालो, पोहोचली नाही. आता त्यांचा फोन मी पहिल्या घंटीला उचलतो.

विलास गेल्यानंतरचे तीन रविवार वाडीत कुणी गेले नव्हते. चौथ्या रविवारी मी गेलो. वहिनींनी त्याची काचेची नळी आणि पाण्याचा कॅन कापडी पिशवीत घालून दिला होता. सिस्टरांनी चार्जर लावून दिला आणि नळी कशी धरायची तेही दाखवले. पाहून पाहून त्या शिकल्या होत्या. "सर, ही पाचवी बघा. हिच्यातलं पाणी खाली गेलंय." पट्ट्या उघड्या पडायला थोडेच राहिले होते. मी सावकाश पाणी घातले. थोडे झाकणावर सांडले, ते पुसले. एकेक आकडा पाहिला. पाचवीचा कमी होता, बाकीच्या धरून होत्या. मग पुठ्ठ्यासमोर उभा राहिलो. त्याच्या शेवटच्या ओळीखाली तीन ओळी मोकळ्या सोडल्या, कारण त्या मोकळ्या गेल्या होत्या, आणि चौथीत तारीख आणि आकडे लिहिले. शेऱ्यापाशी पेन थांबले. वर त्याचा शब्द ओळीने खाली उतरत आला होता, तयार, तयार, तयार... तो लिहिण्याचा अधिकार मला नाही, असे वाटले. मी लिहिले : पाणी घातले.

तेव्हापासून दर रविवारी तेच लिहितो. आजही लिहून आलो. पाचवी सावरते आहे. पिशवी दाराशी ठेवली आहे. उद्या सोमवार. अकराच्या सुमारास वहिनींचा फोन येईल.